दीड शतांश मिलिमीटर

खंडाळ्याचा घाट उतरून आलेली एक पांढरी हॅचबॅक खालापूरच्या फूड मॉलच्या पार्किंगमध्ये थांबली आणि चालवणारे गृहस्थ उतरून थेट पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. तापलेल्या ब्रेकचा तो करपट, लोकरीला चटका बसावा तसा वास चार गाड्या पलीकडे येत होता. त्यांनी फोन लावला. "अहो, परत सुरू झालंय. शंभरला ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात नाचतं. नवीन डिस्क टाकून सहा महिने नाही झाले." पलीकडचं उत्तर ऐकू आलं नाही, पण ते काय असणार हे त्यांच्या पुढच्या वाक्यावरून कळलं. "परत वाकली? दर वेळी अशी कशी वाकते?" फोन खिशात गेला आणि हातातली पाण्याची बाटली त्यांनी स्पोकांमधून सरळ डिस्कवर ओतली. छन्न झालं, पांढरी वाफ चाकाच्या कमानीतून वर आली. सोबतच्या बाई खिडकीतून बघत होत्या. मागच्या सीटवर एक लहान मुलगी झोपली होती.

वाकली. हा शब्द डोक्यातून जाईना.

गॅरेजात हा शब्द सर्रास चालतो. डिस्क वाकली, डिस्क बेंड झाली, डिस्क आउट आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उन्हात तापून पिळवटलेला पत्रा येतो आणि एकदा ते चित्र बसलं की पुढचं सगळं ठरूनच जातं: वाकलेली वस्तू फेकायची, नवी आणायची. पण डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, पत्र्याची नसते, बिडाची असते. ज्या बिडाचा डोशाचा तवा होतो तेच घराणं. बीड ठोकलं तर फुटतं, पण सहजी वाकत नाही. ब्रेकच्या डिस्कला रोजच दोन-तीनशे अंश सेल्सिअस सोसायचे असतात, घाटात त्याहून बरेच जास्त, आणि ती त्यासाठीच ओतलेली असते. उष्णतेने तिचा आकार कधीच बदलत नाही असं नाही. फार तापली की ती जराशी बशीसारखी होते आणि निवली की बहुतेक वेळा जागेवर येते. पण महामार्गावर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांमध्ये खरोखर उष्णतेने वाकलेली डिस्क सापडणं दुर्मीळ. सापडतं ते दुसरंच काही. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही लागत नाही.

सापडतो तो जाडीतला फरक. डिस्कच्या एका जागी जाडी समजा २१.८० मिलिमीटर आहे आणि समोरच्या बाजूला २१.७८. एवढंच. दोन शतांश मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा. हा फरक दीड शतांशाच्या आसपास गेला की बऱ्याच गाड्यांमध्ये तो पायाला आणि हाताला कळायला लागतो. ब्रेक दाबलेला असताना पॅड, म्हणजे डिस्कला घासून थांबवणारे दोन ठोकळे, दोन्ही बाजूंनी तिला दाबून बसलेले असतात. जाड जागा आली की पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो आणि नळीतल्या ऑइलचा दाब क्षणभर वाढतो. पातळ जागा आली की दाब कमी होतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ब्रेक एकदा जास्त पकडतो, एकदा कमी. १८५/६५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातो. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला चौदा वेळा फिरतो, ८० ला अकरा-साडेअकरा वेळा. पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांची स्वतःची थरथरण्याची लय साधारण याच टप्प्यात येते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं की तो चढत जातो, तसंच हे. म्हणून ६० ला काही जाणवत नाही, ११० वरून ब्रेक दाबला की ८०-९० पर्यंत स्टिअरिंग नाचतं आणि पुढे आपोआप शांत होतं. समृद्धी महामार्गावर १२० ने सलग जाणाऱ्याला हे जास्त कळतं, कारण टोलकडे वळताना गाडी वरपासून खालपर्यंत तो सगळा पट्टा ओलांडते.

आता हा जाडीतला फरक येतो कुठून, हा खरा प्रश्न आहे. नवी डिस्क तर एकसारख्या जाडीची असते.

यासाठी चाक काढून, कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) बाजूला करून, डिस्क हबवरून, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागावरून, उतरवून बघायला हवी. पुण्या-मुंबईच्या चार-पाच पावसाळे खाल्लेल्या गाडीची डिस्क सहसा हाताने ओढून येत नाही. मागून लाकडी किंवा रबरी हातोड्याने ठोकावी लागते आणि ती सुटते तेव्हा विटकरी रंगाची भुकटी जमिनीवर सांडते. उघडा पडलेला हब पाहिला की सगळी कहाणी कळते. तळहाताएवढा गोल चेहरा, त्यावर चार किंवा पाच बोल्ट आणि बोल्टांच्या मुळाशी गंजाची कडक खपली. ही खपली बोटाने घासून निघत नाही. मधल्या उंचवट्याभोवती गंजाचं एक कडं असतं, डिस्कच्या मध्यभागाने त्यावर आपला ठसा उमटवलेला असतो. काही बोल्टांभोवती धातू किंचित वर आलेला असतो, कुणीतरी नट बेफाम आवळल्याची ती खूण. नवी डिस्क या चेहऱ्यावर बसते. खपलीचा एक कण ०.०५ मिलिमीटर जाड असला आणि तो १४० मिलिमीटर व्यासाच्या हबच्या कडेला अडकला, तर २५० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कच्या काठाशी तो तिरपेपणा ०.०८ च्या पुढे जातो. नवीकोरी, निर्दोष डिस्क बसल्या क्षणापासून डुलत फिरायला लागते.

आणि तरीही पहिल्या दिवशी गाडी लोण्यासारखी थांबते. इथेच सगळी फसगत आहे. डिस्क डुलत असली तरी जाडी एकसारखी आहे, त्यामुळे पिनांवर सरकणारा तरंगता कॅलिपर तिच्याबरोबर डावी-उजवीकडे सरकतो आणि दाब बदलत नाही. गृहस्थ खूश होतात, मिस्तरी खूश होतो. डिस्क बदलली, थरथर गेली, म्हणजे डिस्कच वाकलेली होती, हे निदान पक्कं होतं. पण ब्रेक न दाबता गाडी चालते तेव्हा पॅड डिस्कपासून जेमतेम केसभर दूर असतात. डुलणारी डिस्क प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी पॅडला चाटून जाते. किलोमीटरमागे पाचशेवर फेरे, हजार किलोमीटरमागे पाच लाखांवर. त्या एकाच जागेची झीज होत राहते आणि आठ-दहा हजार किलोमीटर झाले की तिथली जाडी दीड-दोन शतांशाने उतरलेली असते. सहा महिने झालेले असतात. स्टिअरिंग परत नाचायला लागतं आणि कुणीतरी म्हणतं, परत वाकली.

हब मात्र तोच राहिला.

हेच काम नटांकडूनही बिघडतं. टायरच्या दुकानात हवेची गन लावून एकेक नट "टर्रर्र" करत बसवतात, ओळीने, गोल फिरत. गनची ताकद दर वेळी सारखी नसते. एक नट ६० न्यूटन मीटरला (आवळण्याच्या जोराचं हे माप) राहतो, शेजारचा २०० ला. डिस्क हब आणि रिम यांच्या मध्ये पकडलेली असते, त्यामुळे ती एका बाजूला जास्त ओढली जाते आणि पुन्हा तोच तिरपेपणा. छोट्या गाड्यांच्या नटांची मापं साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतात, नेमका आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मिळतो. रीत अशी की चाक वर असताना नट हाताने पूर्ण बसवायचे, मग समोरासमोरचे किंवा चांदणीच्या क्रमाने अर्ध्या ताकदीने, आणि गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्याने, शेवटचं माप. अलॉय व्हील असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचं. नटाच्या आट्यांना ग्रीस लावायचं नाही. लावलं तर रेंच तेवढंच दाखवतो, पण बोल्ट प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताणला जातो. या सगळ्याला पाच-सात मिनिटं जादा लागतात. कित्येकांच्या थरथरीचं मूळ पंक्चर काढलेल्या दिवसात असतं, पण तो दिवस कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरं एक कारण घाटाशी बांधलेलं आहे आणि त्याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. चार माणसांसह १३०० किलोची गाडी १०० च्या वेगावरून पूर्ण थांबवली की ब्रेकमध्ये सुमारे अर्धा मेगाज्यूल उष्णता जाते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंची साधारण ५०० मीटरने कमी होते. तेवढ्यात त्याच गाडीची सव्वासहा मेगाज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी, म्हणजे १०० वरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी. यातली काही हवा खाते. तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर मोठा वाटा इंजिन घेतं. पण वरच्या गिअरमध्ये किंवा, देव न करो, न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकवर हलका ठेवून उतरलं तर जवळजवळ सगळं डिस्कच्या वाट्याला येतं. मग पायथ्याशी गाड्यांच्या रांगेत थांबावं लागतं, पाय ब्रेकवर घट्ट. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला एकाच जागी चिकटून राहतो आणि आपला थर तिथे सोडतो. तव्यावर धिरडं लागलं की नंतरचं प्रत्येक धिरडं त्याच जागी लागतं, तसं पुढे होतं. थर बसलेली जागा जास्त घासते, जास्त तापते, तिथे अजून थर बसतो. उष्णता फारच वाढली, साडेसहाशे-सातशे अंशांच्या वर गेली, तर त्या जागी बिडाची आतली घडणच बदलते आणि सिमेंटाइटचे, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या संयुगाचे, कडक चट्टे तयार होतात. डिस्कवर निळसर-काळे डाग दिसले की समजावं. हे चट्टे लेथवर वरवर काढले तरी खाली खोल उरतात. आजूबाजूचं बीड झिजतं, ते झिजत नाहीत आणि थरथर परत येते. अशी डिस्क जोडीने बदलणं हाच मार्ग.

पाणी ओतणं त्यात भर घालतं. बाटलीचं पाणी डिस्कच्या एका भागावर पडतं, तो भाग आक्रसतो, बाकीचा तापलेलाच. बिडाला एकदम गार करणं कधीच मानवत नाही, तापल्या तव्यावर पाणी मारणाऱ्याला घरातली आजी का ओरडते ते यातच आलं. घाट उतरल्यावर सर्वांत चांगलं म्हणजे दहा-पंधरा मिनिटं सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता गाडी चालवणं. वारा सगळीकडून सारखा लागतो. थांबायचंच असेल तर सपाटीवर गिअरमध्ये ठेवावी, चाकाला ठोकळा लावावा, ब्रेकवर पाय दाबून बसू नये. मागे ड्रम असलेल्या गाडीत तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढून ठेवला तर ड्रमही गोल न राहता लंबगोल निवू शकतो.

कोकणातल्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. पावसाळ्यात महिनाभर अंगणात उभी राहिलेली गाडी. खारं वारं, दमट हवा. डिस्कवर सगळीकडे गंज चढतो, फक्त पॅडखालची जागा वेगळी राहते. गंज वरवरचा असेल तर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगातून दहा-बारा वेळा चांगला ब्रेक लावला की साफ होतो. खड्डे पडले असतील तर पॅडच्या आकाराचा ठसा डिस्कवर कायमचा उमटतो. चाकाकडे टॉर्च मारून बघितलं तरी तो दिसतो.

आता तपासणी. आधी साधने नकोत, गाडी हवी. टायरमध्ये हवा बरोबर भरून, मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे आरशात बघून १०० पर्यंत न्यावी आणि आधी ब्रेक न लावता काही क्षण तशीच चालवावी. ब्रेक न लावताच थरथरत असेल तर डिस्ककडे बघायचंच नाही. मग बॅलन्सिंगची शिशाची वजनं पडलेली असतात, टायरला फुगा आलेला असतो किंवा खड्ड्यात आपटून रिम वाकलेली असते. वाकणं हा शब्द तिथे अगदी योग्य आहे. ब्रेक न लावता शांत असेल तर मग हलका, एकसारखा ब्रेक लावत ६० पर्यंत यावं. जोरात दाबून थांबवू नये, हलक्या दाबाला थरथर जास्त स्पष्ट कळते. स्टिअरिंग नाचलं तर पुढची चाकं. स्टिअरिंग शांत पण सीट आणि तळ थरथरला तर मागची. पेडल पायाखाली ठोके देत असेल तर जाडीतला फरक, यात फारशी शंका उरत नाही. चाक अडकू न देणाऱ्या एबीएसचा खडखडाट याहून वेगळा असतो, तो निसरड्यावर किंवा जिवावर बेतल्यासारखा ब्रेक दाबला तरच येतो. मागे ड्रम आणि हाताने ओढायचा हँडब्रेक असलेल्या गाडीत मोकळ्या मैदानावर ४०-५० च्या वेगाला बटण अंगठ्याने दाबून धरून तो हळूहळू ओढून बघता येतो. तेव्हाच थरथरली तर दोष मागच्या ड्रममध्ये. बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर हा प्रयोग करायचा नाही, महामार्गावर तर कोणत्याच गाडीत नाही. आणि हे सगळं दोनदा: सकाळी ब्रेक गार असताना आणि घाटासारखं तापवून झाल्यावर. गार असतानाही थरथरते तर झीज किंवा थर. फक्त तापल्यावर थरथरते तर डिस्कची तापल्यावर होणारी बशी, निळे चट्टे किंवा अडकून घासणारा कॅलिपर.

कॅलिपरची परीक्षा सोपी आहे. दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून थांबायचं आणि इन्फ्रारेड थर्मामीटर स्पोकांमधून डाव्या-उजव्या डिस्कवर रोखायचा. दोन्हींत थोडा फरक चालतो. एक हाताला कोमट आणि दुसरी दीडशे अंश असेल तर तो पॅड सुटतच नाहीये. उघडल्यावर खात्री होते: आतला पॅड संपत आलेला, बाहेरचा जवळजवळ नवा. कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडलेल्या किंवा गंजलेल्या असतात. त्यांचं रबर फाटलेलं असलं तर बदलायचं, पिन काचकागदाने नाही तर कापडाने आणि ब्रेक क्लीनरने साफ करायची आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. पेट्रोलियमने ती रबरं फुगतात आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते.

मग मापं. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. बेअरिंग किंवा बॉल जॉइंटला ढिलेपणा असेल तर आधी तो, नाहीतर पुढची सगळी मापं खोटी. चाक काढल्यावर डिस्क हबवर सैल पडते, म्हणून नटांखाली जाड सपाट वॉशर घालून ती मापात आवळायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सैल डिस्कचं माप घेऊन बसतात. डायल गेजचा, म्हणजे शतांशातली हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा, मॅग्नेटिक स्टँड नकलला म्हणजे हब धरणाऱ्या ओतीव भागाला चिकटवायचा, टोक डिस्कच्या काठापासून दहा मिलिमीटर आत टेकवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि डिस्क हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवायची. काटा किती हलतो, म्हणजे डिस्कचा आउट किती, ते नुसतं बघत राहावं. डोळ्यांना अगदी स्थिर वाटणारी डिस्क, आणि काटा श्वास घेतल्यासारखा वर जातो, खाली येतो: सहा, सात, आठ शतांश. जिथे सर्वांत वर गेला तिथे डिस्कवर आणि शेजारच्या बोल्टवर खडूची खूण. पाच शतांशाच्या आत असेल तर उत्तम. दहा शतांशाच्या पुढे असेल तर ती डिस्क तशी ठेवून उपयोग नाही. मधल्या पट्ट्यात गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा शेवटचा.

यानंतरची पायरी ही सगळ्या तपासणीतली सर्वांत देखणी गोष्ट. डिस्क काढायची, एका बोल्टाने पुढे फिरवून बसवायची आणि पुन्हा मोजायचं. उंच जागा डिस्कवरच्या खडूबरोबर गेली तर दोष डिस्कमध्ये. बोल्टावरच्या खडूपाशीच राहिली तर दोष हबमध्ये. वाद संपला, अंदाज संपला, कुणाच्या अनुभवाची गरज नाही. काही वेळा तर डिस्कचा तिरपेपणा आणि हबचा तिरपेपणा एकमेकांना खाऊन टाकतील अशी एक जागा या फिरवण्यातच सापडते आणि आठ शतांशाचे तीन होतात, एक पैसा न घालता. डिस्कला जागेवर धरणारा छोटा स्क्रू असलेल्या गाड्यांमध्ये मात्र ही सोय मिळत नाही.

जाडीसाठी मायक्रोमीटर, व्हर्नियर नाही. व्हर्नियरचं लहानात लहान माप बहुधा दोन शतांश, म्हणजे शोधायचा आहे त्या फरकाएवढंच. शिवाय त्याचे जबडे डिस्कच्या काठाला उरलेल्या न झिजलेल्या कडेवर बसतात आणि जास्त जाडी दाखवतात. काठापासून सारख्या अंतरावर आठ ठिकाणी मापं घेऊन कागदावर लिहायची. सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा. शतांश दाखवणाऱ्या साध्या मायक्रोमीटरवर अर्धा शतांश डोळ्याने अंदाजावा लागतो, म्हणून प्रत्येक जागा दोनदा मोजावी. किमान जाडी डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. नवी २२ आणि किमान २० असं लिहिलेलं असेल आणि आज २०.३ भरत असेल, तर लेथवर घेऊन पैसे घालवू नयेत.

लेथचा विषय निघालाच तर: डिस्क खोलून लेथवर मारून आणली की ती लेथच्या आसाशी सरळ होते, गाडीच्या हबाशी नाही. लेथचा स्वतःचा आउट पाच शतांश असला तर तो डिस्कवर छापून येतो. गाडीवरच, हबला जोडून फिरणारं लेथ यंत्र असलेली जागा मिळाली तर डिस्क तिच्या स्वतःच्या हबाबरोबर सरळ होते आणि ते काम टिकतं. अशी यंत्रं आपल्याकडे फार ठिकाणी नाहीत. साध्या लेथवरून आणलेली डिस्कही चालते, पण हब घासून, बसवून, डायल गेजने पुन्हा मोजूनच.

हब घासणं म्हणजे ग्राइंडर लावणं नाही. वायर ब्रशने खपली सोडवायची, बोल्टांच्या मुळाशी अरुंद ब्रशने किंवा नळीसारख्या घासणीने, मग ८० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी तुकड्यावर गुंडाळून चेहरा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. वर आलेली धार सपाट कानशीने अलगद. डिस्कची आतली बाजूही तशीच. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं, पॅडला हात लावण्यापूर्वी हातही. मधल्या उंचवट्यावर पातळ गंजरोधक लेप चालतो, चेहऱ्यावर काही नको. या काळात कॅलिपर नळीवर लोंबकळता सोडायचा नाही, तारेच्या आकड्याने स्प्रिंगला टांगायचा. एका चाकाला अर्धा तास.

बुश, टाय रॉड एंड आणि लोअर आर्म हे सस्पेन्शन-स्टिअरिंगचे भाग थरथर निर्माण करत नाहीत. ते सैल झाले की आधी लपलेली थरथर हातापर्यंत पोहोचते, एवढंच. म्हणून फक्त बुश बदलून गाडी शांत झाली तरी डिस्क मोजावी.

आणि पॅड बसवण्याची रीत. नवी डिस्क, नवे पॅड घेऊन माणूस गॅरेजातून निघतो आणि पहिल्या सिग्नलला जोरात ब्रेक मारून थांबतो. पहिला ठसा तिथेच पडतो. त्याऐवजी मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, प्रत्येक वेळेच्या मध्ये अर्धा-एक मिनिट चालवत राहायचं आणि शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता गार होऊ द्यायचं. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो, राखाडी, एकाच रंगाचा.

हे सगळं लिहिताना फोनच्या पलीकडच्या त्या मिस्तरीला दोष द्यावासा वाटत नाही. साधा डायल गेज आणि स्टँड काही हजारांत येतो, पण त्याच्या समोर उभं राहून मोजण्याचा अर्धा तास बिलात कुठे लिहायचा? दोन डिस्क, पॅडचा सेट, मजुरी, हे गिऱ्हाईक लगेच मान्य करतं. "हब साफ केला, आठ जागी जाडी मोजली" यासाठी पैसे मागितले तर काम काय केलं, असं विचारतात. वस्तू दाखवता येते, माप दाखवता येत नाही. म्हणून मला वाटतं, मागणी गिऱ्हाइकानेच करावी: बदलण्याआधीचा आउट किती, बदलल्यानंतर किती, दोन आकडे बिलाच्या मागे लिहून द्या, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे लावा. ज्या गॅरेजात हे ऐकून मिस्तरीचा चेहरा उजळतो ते गॅरेज सोडू नये. असे लोक आहेत. त्यांना कुणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

गृहस्थांनी चहा घेतला. मुलगी उठली, तिला बिस्किटं दिली. तोवर वीस-पंचवीस मिनिटं झाली होती, बाटली नसती ओतली तरी एवढ्यात डिस्क बरीचशी निवलीच असती. ते परत चाकापाशी गेले, वाकून बघितलं, डिस्क ओल्या जागी आत्ताच नारिंगी व्हायला लागली होती. गाडी निघाली. पार्किंगच्या तोंडाशी गतिरोधक आहे, तिथे ब्रेकचे लाल दिवे लागले आणि गाडी जराही न थरथरता थांबली. ताशी वीसच्या वेगाला चाक सेकंदाला तीनदाही फिरत नाही.